वाऱ्याकडची बाजू

असे अनुभव सांगणाऱ्यांचं मी आजवर शांतपणे ऐकून घेतलं, पण विश्वास कधी ठेवला नाही. तरी लिहितोय... मनात ठेवणं आता जमत नाही.

मी अमरावतीला कॉलेजात शिकवतो. मोठी बहीण, ताई, अकोल्याला राहायची. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की मी तिच्याकडे जायचो आणि सकाळी आम्ही दोघं सायकलनं बार्शीटाकळीपर्यंत जाऊन यायचो. थंडीत माझ्या पोटऱ्यांना लहानपणापासून गोळे येतात. लोकरी मोजे, पँटच्या आत दुसरी पँट — कशाचाच उपयोग नाही; शेतांवरून येणारा पूर्वेचा वारा आत शिरतोच. म्हणून ताई वाऱ्याच्या बाजूनं चालवायची. जाताना माझ्या डावीकडे, येताना उजवीकडे.

"ताई, येताना त्या बाजूनं ट्रक असतात."

"ट्रकवाल्याले डोये आहेत. तू तुह्या पायाच्या काड्या सांभाळ!"

दिवाळीनंतर साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली.

नाताळच्या सुट्टीत मी तरीही अकोल्याला गेलो. तिच्या आवाजाशिवायचं ते घर सहन होईना, म्हणून सकाळी एकटाच सायकल घेऊन निघालो. शहर मागे पडलं तसा डावा पाय बधिर झाला. पोटरी वळली. आता उतरावं लागणार, इतक्यात वारा थांबला... म्हणजे, फक्त त्या पायापुरता. शेतातला हरभरा वाऱ्यानं हलत होता, कानांत वारा घोंगावत होता, आडोशाचा उजवा पाय गारच होता — आणि वाऱ्याकडचा डावा हळूहळू उबदार होत गेला. मान वळवून बघायची हिंमत झाली नाही.

बार्शीटाकळीहून परत फिरलो. आता वारा उजवीकडून. आणि ऊब उजव्या पायाला.

तिनं बाजू बदलली होती.

"ताई," मी म्हणालो. शहरातली घरं लागली आणि ऊब गेली. मी तिथूनच उलटा फिरलो. दुपारपर्यंत त्या रस्त्यावर येत-जात राहिलो. मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. वारा नुसता झोंबत राहिला.

ताईचे यजमान, आमचे भाऊजी, शोधत आले. "काहून असं करून राहिला बे? पाह्य पाय तुहे! उद्या मी येतो संगं."

दुसऱ्या दिवशी ते ताईचीच सायकल घेऊन दारात उभे. "कोन्या बाजूनं चालवू?"

मी म्हणालो, "तुम्ही मागून या."

सुट्टी संपेपर्यंत आम्ही रोज गेलो, वाऱ्याकडची जागा मोकळी सोडून. तिथून वारा सरळ येत राहिला.

त्या दिवशी ते कसं झालं, मला कळलेलं नाही. पुन्हा का होत नाही, हे तर मुळीच नाही.