तोंडवाला वॉकमन

पुढच्या काळात खिशातला गाण्याचा डबा कसा असेल, हे साऱ्या लालबागमध्ये एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या माणसाला गाणं ऐकूच यायचं नाही. हे आमच्या शेजारच्या खोलीतले काका. मिलच्या साचेखात्यात वीस वर्षं ते विणायचे साचे चालवत होते. त्या खडखडाटात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. ती विद्या काकांनी घरी आणली होती, पण कान गेलेत हे काही कबूल केलं नव्हतं. एकदा आई समोरच्या गॅलरीत कुणापाशी तरी त्यांच्या भजनाबद्दल कुजबुजत होती. काका या टोकावरून शांतपणे म्हणाले, "वहिनी, बेसूर म्हणा, पण गाढवाक मधी आणू नका." तेव्हापासून चाळीतल्या बायका चहाड्या करताना तोंडावर पदर घेऊ लागल्या.

मिलचा संप लांबला तशी काकू गावी गेली आणि काकांच्या हातांना काम उरलं नाही. त्याच सुमारास आखातातल्या मामाने मला वॉकमन पाठवला. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि नापास केला. दुसऱ्या दिवसापासून ते लाल साबणाच्या वड्या कोरून पुढचे वॉकमन बनवायला बसले. पहिला काडेपेटीएवढा, दुसरा सुपारीएवढा, त्यात कॅसेट नाही, वायर नाही, आणि साऱ्या भजनी मंडळाची भजनं आत. एक तर गळ्यात अडकवून ते संपाच्या सभेला गेले, तिथे दोघांनी किंमत विचारली. प्रत्येक वडीवर काका एक चौकोनी खिडकी मात्र कोरायचेच. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "नुसतो आवाज घेवन काय करूचा? बोलणाऱ्याचा तोंड दिसाक होया." लोक हसायचे. मीही पोट धरून हसले आहे. आज तसलाच डबा माझ्या पर्समध्ये असतो, म्हणून जरा लाजत सांगते.

मग गावाहून काकूची कॅसेट आली. तिला लिहिता येत नव्हतं आणि मनातलं दुसऱ्याकडून लिहून घ्यायची लाज वाटे. काका माझा वॉकमन कानाला लावून गॅलरीत अर्धा तास बसले. मधे मधे "होय, होय" करत होते, एकदा तर हसलेसुद्धा. उठून म्हणाले, "बरी आसा." मी वॉकमन परत घेतला तेव्हा लक्षात आलं, त्यात मी सेलच घातले नव्हते.

मी सेल शोधू लागले, पण माझं तोंड काकांनी वाचलंच. खाली बघत म्हणाले, "माका आयकाक येना नाय, बाय. तिका ठावक नाय. कळला तर रडत बसतली. तू आयक आणि माका ओठांनी सांग."

सेल घालून मी त्यांच्यासमोर बसले. कानात काकू आणि तोंडाने मी, आवाज न काढता. कौलं फुटली, म्हशीला रेडकू झालं, इथपर्यंत ठीक होतं. मग "तुमची लय आठवण येता" आलं. मी बावीस वर्षांची, लग्न व्हायचं होतं, दार सताड उघडं. तेही म्हटलं, आणि बाहेरून जाणारी आई माझे ओठ बघून जागच्या जागी थबकली.

शेवटी काकू माझ्याशीच बोलू लागली. मी यंत्रासारखी ओठ हलवत गेले. "शेजारची बाय आयकता आसतली, तिका सांगतंय. तेंका माझो आवाज आयकाक येना नाय, ह्या माका लग्नापासून म्हायत आसा. म्हणान मी कधी पाठमोरी बोलूक नाय. तू पण समोर बसान सावकाश सांग." आणि जरा थांबून, "माका म्हायत आसा ह्या मात्र तेंका सांगू नको."

तोवर माझे ओठ सगळं सांगून बसले होते. काका हलले नाहीत. "परत," एवढंच म्हणाले. मी परत म्हटलं. त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि हळूच म्हणाले, "माका कळला, ह्या तिका कळवू नको हां."

आठवड्याने ते गावी गेले आणि पुन्हा चाळीत आले नाहीत. ती दोघं आता नाहीत. मी दोघांचंही गुपित राखलं, आणि ती दोघं अखेरपर्यंत समोरासमोर बसून बोलत राहिली असं गावाहून येणारे सांगत.