बर्नी पाल्कोची साक्ष

आमच्या पोर्ट विलार्डमध्ये आपल्या व्यावसायिक फुटबॉल संघाचं नाव कुणी घेत नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं नुसतं 'ते' म्हणायचं. 'ते' रविवारी हरले. 'त्यांनी' पुन्हा कोच हाकलला. साठ वर्षांत 'त्यांनी' एकदाही अजिंक्यपद आणलेलं नाही, तरी अमेरिकन फुटबॉलच्या हंगामात रविवारी चर्चमधून घरी येताना माणसांची पावलं भरभर पडतात. खोड ती खोड, जात नाही.

या खोडीत बर्नी पाल्कोचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. वय त्रेसष्ट, बांधा आखूड, आवाज खणखणीत. एकतीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. सकाळ-दुपार शाळेची मुलं, आणि शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलचा फुटबॉल संघ. स्वयंपाकघरात बटाटे सोलताना ती 'त्यांच्या' क्वार्टरबॅकांची नावं ओळीनं घ्यायची, जपमाळ ओढावी तशी. वीस वर्षांत सतरा. हॅलिबर्टन, खांदा. प्रुएट, तीन वर्षांत तीन कोच. डेलाक्रॉइ, दुसऱ्याच सामन्यात गुडघा. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात आधी चेंडू येतो आणि ज्याच्या डोक्यावर शेवटी खापर फुटतं. ती सगळी पोरं यायची तेव्हा सोन्यासारखी होती, आणि 'त्यांनी' एकेकाची माती केली, असं बर्नीचं स्पष्ट मत होतं.

तिचं दुसरं मत असं, की क्वार्टरबॅक मैदानावर कळत नाही, हरून परतताना बसमध्ये कळतो. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो लांबट आरसा असतो, त्यात तिनं एकतीस वर्षांचे पराभव पाहिले होते. कुणी रडायचं, कुणी दुसऱ्याला शिव्या द्यायचं, कुणी कानात इअरफोनची बोंडं घालून खिडकीबाहेर बघायचं. टोबायस पेटीवे तिला असाच सापडला. उपांत्य सामना होता. किक मारणाऱ्या पोरानं अगदी समोरून मारायची किक चुकवली आणि सामना एका गुणानं गेला. बसमध्ये त्या पोराच्या शेजारची सीट रिकामी. टोबी मागून उठून आला, त्याच्याजवळ बसला, त्याच्याच डब्यातलं अर्धं सँडविच खाल्लं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपी गेला. घरी जाऊन बर्नीनं नवऱ्याला उठवलं आणि म्हणाली, "ऑगी, सापडला."

टोबी त्यांच्याच गल्लीतला. त्याची आई इव्हेट इस्पितळात आया होती, आणि तिच्या ड्युटीच्या वेळा अशा, की पोरगं अर्धं बर्नीच्याच घरी जेवून वाढलेलं. पुढे तो कॉलेजात गेला, चमकला, आणि या वर्षी ड्राफ्टला उभा राहिला. कॉलेजातली पोरं मोठे संघ आळीपाळीनं उचलतात, तो ड्राफ्ट. ज्याची गेल्या हंगामात सर्वांत जास्त धूळधाण झाली, त्याची पाळी आधी. यंदा 'त्यांची' पाळी दुसरी होती.

"टोबी दुसऱ्या नंबरला 'त्यांच्याकडे' येतोय," ऑगी पेपर फडकवत म्हणाला. पोलादाच्या कारखान्यानं त्याची फुप्फुसं खाल्ली होती. नाकाला नळी, शेजारी प्राणवायूचं यंत्र, आणि तोंड मात्र शाबूत.

"येऊ दे. पहिल्याच रविवारी मैदानात ढकलतील त्याला. समोरून तीनशे-तीनशे पौंडांचे रेडे येणार, आणि त्यांना अडवायला कोण? ती चाळण? गेल्या वर्षी एकसष्ट वेळा क्वार्टरबॅक आडवा झाला, ऑगी. एकसष्ट!"

"मग काय, घेऊच नये?"

"आधी अडवणारी पोरं घ्या. आधी भिंत बांधा, मग देव बसवा. आणि पोराला दोन वर्षं बाकावर बसवून शिकू द्या ना. पण नाही. कोच म्हटला तर सहा वर्षांतला हा चौथा. एक म्हणतो चेंडू लवकर सोड, दुसरा म्हणतो थांब, तिसरा म्हणतो पळ, चौथा म्हणतो पळतोस कशाला. पोरानं शिकायचं कुणाचं?"

"तूच हो कोच. बस तरी वेळेवर आणतेस." ऑगी हसला आणि त्याला ढास लागली. ढास थांबल्यावर हळूच म्हणाला, "मला एकदा बघायचंय गं. एकदाच. आपल्या गल्लीतलं पोर, 'त्यांचा' शर्ट घालून."

बर्नीनं त्याच्या नाकाची नळी सरळ केली. तिलाही तेच बघायचं होतं, हीच तर पंचाईत होती.

मार्चमध्ये ग्रेडी लोमॅक्स नावाचा माणूस बसच्या डेपोत आला. 'त्यांच्यासाठी' पोरं पारखत फिरणारा. ही माणसं अशी गावोगाव हिंडतात. कोच पोराची तारीफच करणार हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ते शाळेच्या झाडूवाल्याला गाठतात, कँटीनवालीला गाठतात, बसवालीला गाठतात.

"पाचच मिनिटं घेतो, मिसेस पाल्को," तो पेन्सिल काढत म्हणाला. "पोरगा हरल्यावर कसा असायचा, तेवढं सांगा."

आयुष्यभर जो प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती झुरली, तो हा. 'ते' तिच्या दारात आले होते आणि तिचं मत विचारत होते. खरं सांगायचा अवकाश, टोबी 'त्यांचा' झालाच असता. तिच्या डोळ्यांपुढे ऑगी आला. मग एकसष्ट वेळा आडवी पडलेली ती पाठ आली, आणि पाठीवर नाव होतं पेटीवे.

"एकटा बसायचा," बर्नी म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला. "ज्याच्या हातून चूक झाली, त्याच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. एकदा एका पोरानं किक चुकवली, तर अख्खा रस्ता त्याच्याकडे पाठ करून बसला."

पेन्सिल थांबली. "नक्की?"

"एकतीस वर्षं आरशात बघतेय, साहेब. मला कोण फसवणार?"

लोमॅक्सनं लिहून घेतलं, आभार मानले आणि जाताना संघाची एक नवी कोरी टोपी तिच्या हातात ठेवली. ती ऑगीनं त्याच दिवशी डोक्यावर चढवली. ईस्टरच्या आधी बर्नी पापनिवेदनाला गेली. नवऱ्यावर खेकसते, उपासाला सॉसेज खाल्लं, असलं सगळं फादरला सांगितलं. हे सांगितलं नाही. तिच्या मते हे पापात बसत नव्हतं. एका माणसाच्या कानात एक शब्द टाकला, एक संघ पोराला सोडील, दुसरा चांगला संघ उचलेल, झालं.

ड्राफ्टच्या दिवशी संध्याकाळी स्लोव्हाक क्लबच्या हॉलमध्ये सगळं गाव लोटलं. इव्हेटच्या बहिणींनी कोंबडी तळून आणली होती, बर्नीनं पिरोगीचे, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांचे, चार ट्रे. मधल्या टेबलाशी टोबी नव्या सुटात ताठ बसलेला, समोर त्याचा फोन. ज्याला उचलायचं त्याला संघाचा फोन आधी येतो, नाव मागून जाहीर होतं. ऑगी पहिल्या रांगेत, टोपी घालून, यंत्र मांडीशी.

पहिलं नाव जाहीर झालं. मग 'त्यांची' पाळी. सगळ्यांचे डोळे फोनवर, आणि फोन आपला मख्ख. दहा मिनिटांनी टीव्हीवर 'त्यांनी' कुठल्याशा दुसऱ्याच कॉलेजचा क्वार्टरबॅक उचलला.

"अठरावा," बर्नी पुटपुटली. तिला वाटलं होतं, सुटल्यासारखं होईल. समोर ऑगीनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

तेवढ्यात टीव्हीवरचा समालोचक म्हणाला, पेटीवेबद्दल काही संघांच्या मनात शंका आहे, असं कानावर येतंय. हरल्यावर हा सोबत्यांना तोडतो म्हणे. अगदी त्याच्या गावच्या लोकांचं म्हणणं आहे.

"कोण मेलं बोललं हे?" इव्हेट खुर्चीवरून उठली. "माझं पोर? सोबत्यांना तोडतं? गावचं कोण? नाव सांगा म्हणावं!" बायकांनी तिला धरून बसवलं. "बर्नी, तू सांग गं यांना! तू तर बघितलंयस!"

बर्नीच्या हातात ट्रे होता. "बघितलंय," ती म्हणाली, आणि ट्रे ठेवायला वळली.

तिसरी पाळी गेली, चौथी गेली. एका कानात टाकलेला शब्द तिथेच राहतो, असं समजणारी बर्नी एकतीस वर्षं पोरांनी भरलेली बस चालवत होती! पोरं पारखणारे एकाच हॉटेलात उतरतात, एकाच टेबलावर जेवतात, आणि एकानं नाक मुरडलं की दुसरा म्हणतो, काहीतरी असेल बुवा. पाचवी. सहावी. टोबीनं टायची गाठ सैल केली. कॅमेरावाला पोरगा त्याचा चेहरा जवळून टिपत होता, आणि तोच चेहरा टीव्हीवर देशभर दिसत होता. आठवी. इव्हेटनं डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. नववी. कुणीच उचललं नाही तर? चार-पाच तासांत एका पोराची वीस वर्षं पाण्यात जातील, आणि कुणी घालवली तर बर्नी पाल्कोनं! स्वयंपाकघरात जाऊन तिनं नळ सोडला आणि ओटा घट्ट धरून उभी राहिली. देवा, कुणाच्याही पदरात टाक, पण टाक.

अकराव्या पाळीला फोन वाजला.

हॉल एवढा ओरडला, की पलीकडचा माणूस काय बोलतोय ते टोबीला कानात बोट घालून ऐकावं लागलं. पश्चिमेकडचा संघ. कोच चौदा वर्षं तोच. क्वार्टरबॅक म्हातारा, अजून दोन वर्षं ओढील. बर्नीनं हिशेब मांडला होता तंतोतंत तसा. इव्हेट तिच्या गळ्यात पडून रडली, आणि बर्नीही रडली. कशासाठी ते तिचं तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, शाळा होतीच. सकाळी पावणेसहाला डेपोत ती बसचे दिवे आणि चाकं तपासत होती, तेव्हा टोबी आला. फाटकाबाहेर मामा गाडी चालू ठेवून थांबला होता.

"नऊचं विमान आहे, बर्नीकाकू. म्हटलं भेटून जावं."

"बरं केलंस!" तिनं पाना खाली ठेवला आणि बोलतच सुटली. "सोनं झालं बघ तुझं. तिथे घाई नाही. त्या म्हाताऱ्याच्या मागे बस, तो पाय कुठे टाकतो ते बघ. तिथली भिंत पक्की आहे. दोन वर्षांनी तुझी पाळी येईल तेव्हा तू तयार..."

"मला इथंच खेळायचं होतं."

बर्नीनं खाली ठेवलेला पाना पुन्हा उचलला.

"फेब्रुवारीत 'त्यांनी' मला विचारलं होतं," टोबी म्हणाला, "तुला आतून-बाहेरून ओळखणारं आणि खोटं न बोलणारं गावात कोण आहे? मी तुमचं नाव दिलं. फोन नंबर पण दिला. तो लोमॅक्स आलाच नाही का तुमच्याकडे?"

आलाच नाही, म्हणणं सोपं होतं. पोरानं लगेच विश्वास ठेवला असता.

"आला होता."

"मग? तुमचं ऐकलं नाही त्यानं?"

"ऐकलं. काल टीव्हीवर जे सांगितलं ना, ते मीच त्याला सांगितलं."

शेजारच्या बसचं इंजिन सुरू झालं. आधी टोबीला ते कळलंच नाही, मग कळलं.

"का?"

"सतरा पोरं मोडली त्यांनी, टोबी. माझ्या डोळ्यांदेखत. मला तुझं तसं..."

"त्या सतरा जणांचं सगळं मला तुम्हीच सांगितलंत," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "चार वर्षं, दर शुक्रवारी. कोण कुठे चुकला, कुणाला कुणी फसवलं, कोण कशाला घाबरला. मला पाठ आहे सगळं. मला वाटायचं, तुम्ही मला तयार करताय. 'त्यांच्यासाठी'. ऑगीकाकांसाठी."

पोराचं भलं केलं, एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर बर्नी मार्चपासून उभी होती. पोराला विचारावं, हे मात्र तिला एकदाही सुचलं नव्हतं. 'ते' तरी याहून वेगळं काय करत होते?

मामानं हॉर्न दिला. टोबी दोन पावलं गेला आणि वळला.

"आईला मी सांगणार नाही."

तिला क्षणभर हायसं वाटलं.

"तुम्ही सांगा," तो म्हणाला, आणि गेला.

बर्नीनं फेरी केली. बावीस थांबे, एकही चुकवला नाही. शाळेच्या दारात शेवटचं पोर उतरलं, तशी तिनं रिकामी बस डेपोकडे न नेता आपल्या हार्बर गल्लीत वळवली. असं तिनं एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं. इव्हेटनं दार उघडलं. डोळे सुजलेले, केसांत कालचीच फुलं, आणि चेहरा असा फुललेला, की बर्नीला बघवेना.

"अगं, बसच घेऊन आलीस? वेडी कुठली! ये, ये, कॉफी टाकते."

बर्नी पायरीवरून हलली नाही.

"आधी ऐक, इव्हेट," ती म्हणाली. "मग टाकायची का नाही ते ठरव."