फोटोवाला हाय, मोजणीवाला नाय!

कुठल्याही गावात शिरताना तात्या वेशीपासूनच ओरडत यायचे, "फोटोवाला हाय रे! मोजणीवाला नाय!" गळ्यात कॅमेरा, खांद्यावर तीन पायांचा लाकडी स्टँड आणि तोंडाने ही आरोळी. नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण आमच्याकडच्या कुणालाही विचारा. शेतात तीन पायांचं काही उभं राहिलं की आम्ही हातातलं काम टाकून धावतो. आज मोजणीचा स्टँड, उद्या खुणेचे दगड, परवा बुलडोझर. किती जणांच्या जमिनी अशाच गेल्या.

ही आरोळी सुरू झाली ती कुंभवलीच्या एका बारशापासून. उजेड बरा म्हणून तात्यांनी स्टँड मांडला तो थेट शेताच्या बांधावर. झालं! शेजारच्या शेतातल्या बायका हातातल्या विळ्यांसकट धावत आल्या. त्यातल्या एका म्हातारीने तर स्टँडच्या पायालाच मिठी मारली आणि खाली बसली. "आधी मला मोज, मंग जमीन मोज!" तात्या म्हणाले, "अगं बाय, मी फोटोवाला!" म्हातारी कसली ऐकते? "फोटोवाला हायस ना? मंग काड आमचा फोटो!" तात्यांनी काढला. विळे घेतलेल्या, रागाने लाल झालेल्या सगळ्या बायका, आणि म्हातारी मधोमध. बाळाचे फोटो त्या दिवशी यथातथाच आले, पण हा फोटो असा काही आला की पुढे कितीतरी वर्षं तो तात्यांच्या घरात दर्शनी भिंतीवर होता.

पाम गावात आमचं घर आणि तात्यांची वाडी यांच्यामध्ये फक्त एक कुंपण. त्यांना मी लहानपणापासून पाहिलं ते चिकूच्या झाडाखाली स्टँडची सेवा करताना. स्टँड वडिलांच्या काळचा, सागवानी, पितळेच्या स्क्रूंचा. त्याला ते घोडी म्हणायचे. कुणाच्याही घरी गेले की आधी घोडी मांडायची, तिच्या डोक्यावर तळहात ठेवून दाबायची आणि मग खुशाल चहा मागायचा. माणसं नटूनथटून ताटकळलेली! चहा संपला की पुन्हा हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, "घोडी बसली. आता तुमी बसा." घाई केलेली त्यांना खपायची नाही. "माणूस हलला तर हसून घेऊ. घोडी हलता कामा नाय."

खारी हवा लाकूड खाते म्हणून ते घोडीच्या पायांना खोबरेल चोळायचे. त्यांची बायको, आमच्या काकी, ओसरीवरून म्हणायच्या, "एवढं तेल माझ्या गुडघ्यांना चोळलं असतं तुमी, तर तारापूरपरयंत चालत गेली असती मी." तात्या मान वर न करता म्हणायचे, "तिला तीन पाय हायत, तुला दोनच." खंडेनवमीला घोडीला झेंडूची माळ आणि हळदकुंकू. काकी बडबडत बडबडत, पण मनापासून ओवाळायच्या. काय जोडी होती हो! अशी भांडणं ऐकायला आता कान आसुसतात.

आणि एक दिवस खरा मोजणीवाला आला. कुठलासा रस्ता व्हायचा होता आणि त्याची रेघ तात्यांच्या वाडीतून जात होती. माडांच्या मधोमध मोजणीवाल्याचा पिवळा स्टँड उभा राहिला. तात्या हळूहळू चालत स्टँडमागच्या पोराकडे गेले आणि त्यांनी विचारलं, "फोटो काडताय काय?" त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण विचारलं. पोरगा चांगला होता बिचारा. मान खाली घालून म्हणाला, "नाही काका. मोजणी आहे."

मग हरकती झाल्या, सुनावण्या झाल्या, पालघरच्या कचेरीत खेटे झाले. वाडी वाचली नाही. तात्या आणि काकी बोईसरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मी भेटायला जायचे तेव्हा तात्या गॅलरीत बसलेले असायचे. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. "काय तात्या, कसं काय?" विचारलं की म्हणायचे, "हाय. सावली नाय हितं. उजेडपण नाय." वर्षभरातच गेले. डॉक्टरांनी काहीतरी कारण सांगितलं. मला ते अजून पटलेलं नाही.

मला आठवते ती वाडी सोडायची सकाळ. टेम्पो भरून उभा होता. तात्यांनी वडिलांचा पेटीचा कॅमेरा काढला, काळ्या कापडाचा, आणि घोडीवर चढवला. आम्हाला सगळ्यांना ओसरीपुढे उभं केलं. काकी मधे. मागे घर, चिकू, माड. त्या कॅमेऱ्याची फिल्म बाजारातून कधीच गेली होती. तात्यांना ते माहीत होतं. आम्हालाही माहीत होतं. मुलाने मोबाइल काढला, तर त्याला त्यांनी हातानेच थांबवलं आणि कापड डोक्यावर घेऊन, समोरचं सगळं जिच्यावर उमटतं ती मागची काच बघायला आत शिरले.

शिरले ते बाहेरच येईनात. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मुलाने दोनदा हाक मारली. शेवटी काकी म्हणाल्या, "अवो, बास करा आता. माणसं उभी हायत."

कापडाच्या आतून आवाज आला, "थांब गं जरा. आत अजून सगळं हाय."