सुतारगल्लीतून गेलेलं रान

त्या रानाची मुखिया एक बाई होती. तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंही तिला थोरलीच म्हणत. तिचं रान चालायचं. परक्यांना याचं नवल वाटे, रानात राहणाऱ्या तिच्या टोळीला त्यात काही विशेष वाटत नसे. पाणी आटलं की झाडं मुळं सैल करायची आणि पाण्याच्या वासाने सरकायला लागायची, तहानलेली गुरं सरकतात तशी. मुखियाने जमिनीला कान लावून रान कुठे निघालंय ते ओळखायचं, टोळीला झोपड्या उतरवायला सांगायचं आणि अनवाणी पुढे चालायचं. तिच्या पावलांमागे रान वळायचं. थांबवता मात्र ते कुणालाच येत नसे.

त्या वर्षी झरा आटला. थोरलीने जमिनीला कान लावला, मग खात्री करायला पुन्हा लावला. रान नदीकडे निघालं होतं आणि नदी गावाच्या पलीकडे होती. गावाच्या दोन्ही अंगांना नुसता कातळ, तिथे मुळं शिरणार कुठे? म्हणजे रान जाणार ते गावातूनच.

त्याच गावात तिचा धाकटा भाऊ राहायचा. जमिनीतलं त्याला कधी ऐकूच आलं नाही. लहानपणी तासन्‌तास कान लावून पडायचा आणि शेवटी "मला मुंग्या चावल्या" एवढीच बातमी द्यायचा. मोठा झाल्यावर तो गावात जाऊन सुतार झाला. आपोआप पडलेल्या झाडाचंच लाकूड घ्यायचा, तरी टोळीत त्याचं नाव निघालं की लोक नाकं मुरडायचे. थोरली मात्र गावात गेली की त्याच्याकडे जेवल्याशिवाय परतत नसे.

गावच्या कचेरीत बैठक बसली. गावप्रमुखाला घाम फुटला होता.

"बाई, तुमचं रान तुम्ही आवरा," तो म्हणाला.

"आवरता येत नाही, वळवता येतं. एक गल्ली मोकळी करून द्या. नाही दिलीत तर ते पसरेल, मग कुणाचंच काही उरणार नाही."

एका गल्लीत दवाखाना होता, खाटेवरून उठता न येणारे रोगी होते. दुसरीत धान्याची कोठारं होती. उरली सुतारगल्ली. ओंडक्यांच्या गाड्या जाव्यात म्हणून रुंद ठेवलेली, थेट नदीकाठी उतरणारी. पण तिचं नाव कोण घेणार? कुणी छताकडे बघत होतं, कुणी स्वतःच्या नखांकडे. भाऊ मागच्या बाकावर बसला होता.

"सुतारगल्लीतून नेते," थोरली म्हणाली.

भाऊ उठून चालता झाला. तिने त्याला जिन्यात गाठलं.

"ताई, तुला दुसऱ्या कुणाचं घर दिसलं नाही?"

"तूच सांग, कुठून नेऊ?"

"मी कशाला सांगू? मी मुखिया आहे का?"

थोरली टोळीत परतली तर आत्या खुशीत. "बरं झालं. झाडं कापणाऱ्याच्या घरावरूनच जाऊ दे!"

"आत्या, तो माझा भाऊ आहे. पुन्हा असं बोललीस तर तुझी झोपडी तूच उतरव," थोरली म्हणाली. त्या दिवशी ती जेवली नाही.

रान गावात शिरलं ते भर सकाळी. पुढे थोरली, मागे करकरणारी खोडं. फांद्या छपरांना घासत होत्या, भिंती फुटत होत्या, दारं चौकटीसकट आडवी होत होती. गल्ली रिकामी होती. भावाने बायकोमुलांना आधीच नदीच्या पलीकडच्या काठावर धाडलं होतं. स्वतः मात्र तो कारखान्यात उभा, गुडघाभर भुश्शात, दरवाज्याच्या फळीवर रंधा मारत होता.

"अरे, बाहेर ये!" ती ओरडली.

"एवढा दरवाजा होऊ दे. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय मी."

"सोड तो दरवाजा!"

त्याने मान वर केली नाही. तिची पावलं अडखळली, आणि त्याच क्षणी तिला तळव्यांत कळलं की मागची मुळं डावीकडे फुटायला लागली आहेत. डावीकडे दवाखाना होता. तिने दात आवळले आणि पाय उचलला. ती चालत राहिली. पाठीमागे कारखान्याची भिंत बसल्याचा आवाज आला, भावाची किंकाळीही आली. पायांना पाणी लागेपर्यंत तिने वळून पाहिलं नाही.

भाऊ वाचला. उजवा हात तुळईखाली चिरडला होता. त्याला त्याच दवाखान्यात ठेवलं. थोरली उशाशी जाऊन बसली तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता.

"कळतंय मला सगळं," तो म्हणाला. "तरी तू काही दिवस नको येऊस."

रान नदीकाठी हिरवंगार झालं. एवढं मोठं रान गावातून नेलं आणि एकही जीव जाऊ दिला नाही, म्हणून टोळी थोरलीची वाहवा करू लागली. कुणी ते सांगायला बसलं की ती काहीतरी काम काढून उठून जायची. गावाने सुतारांना नव्या जागा दिल्या. भावजय रंधा मारायला शिकली, भाऊ शेजारी बसून सांगायचा, चुकलं की चिडायचा. हे सगळं थोरलीला भावजयीकडून कळायचं, तेही बाजारात उभ्याउभ्या.

मग एकदा वादळात एक जुना वृक्ष पडला आणि भाऊ गाडी घेऊन रानाच्या कडेला आला. टोळीतली माणसं बाजूला झाली.

"मुखियाबाई," तो म्हणाला, "पडलेलं लाकूड हवं होतं. तुमची हरकत नसेल तर नेतो."

जन्मात त्याने तिला अहोजाहो केलं नव्हतं. "ने," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तो डाव्या हाताने एक फांदी ओढू लागला. ओढता ओढता ती त्याच्या हातातून घसरली. थोरलीने पुढे होऊन दुसरं टोक उचललं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, पण नको असंही म्हणाला नाही. दोघांनी मिळून ती फांदी गाडीत चढवली आणि तो पुढच्या फांदीकडे वळला.