क्रमांक दोनशे चौदा

हितेंद्रला क्लाउड कळतं. तुम्हाला हे ठाऊक नसेल तर तुमची-त्याची अजून भेट झालेली नाही, कारण भेट झाली की पहिल्या पाच मिनिटांत तो ते स्वतःच सांगतो. जळगावात मेहरूणला घर, एका खासगी कंपनीत संगणक सांभाळायची नोकरी आणि उरलेल्या वेळात समाज आधुनिक करण्याचं काम. हे काम त्याला कोणी दिलेलं नव्हतं. बायको मेघा बिचारी गप्प ऐकून घेते. "आपल्याला पहिल्याच स्थळानं होकार दिला," हे वाक्य त्याच्या प्रत्येक भाषणात एकदा तरी येतं, विषय काहीही असो.

आमच्या समाजमंडळाचं कार्यालय धुळ्याला. मी तिथला सहचिटणीस, म्हणजे चिटणीस नसले की चहा सांगणारा. मंडळाचं खरं काम एकच, वधूवर सूची. ती तीस वर्षं भिकुबाई अक्कांच्या वहीत होती. नाव नोंदवलं की मुलाला किंवा मुलीला एक क्रमांक मिळतो आणि तो लग्न होईपर्यंत बदलत नाही. सुपारी फुटली, म्हणजे लग्न ठरलं, की अक्का त्या ओळीवर बारीक रेघ मारतात. मोडलं, तर त्याच क्रमांकासमोर नाव पुन्हा लिहितात. मेळाव्याआधी पुस्तिका छापली जाते. तिच्यात जुना क्रमांक दिसला की लोक पुढं वाचतात. नवा कोरा क्रमांक आणि वय अठ्ठावीस असं दिसलं, की मात्र बोदवडपासून शिरपूरपर्यंत फोन सुरू होतात. इतके दिवस कुठं होती, कुठं जमलं होतं, का मोडलं, कोणी मोडलं. आम्हा लोकांना दुसऱ्याच्या मुलीची काळजी फार.

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत हितेंद्रनं पडदा लावला आणि क्लाउड म्हणजे काय ते समजावलं. आपली माहिती आपल्या कपाटात न ठेवता दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रांवर ठेवायची आणि इंटरनेटवरून वापरायची, हे सगळ्यांना कळलं. त्याचे तीन प्रकार आहेत म्हटल्यावर माणसं पेंगायला लागली. मग त्यानं भरीत आणलं, आणि खानदेशी माणूस भरताला जागा होतोच.

पहिल्या प्रकारात, तो म्हणाला, तुम्हाला नुसतं शेत, चूल आणि पातेली भाड्यानं मिळतात. वांगी तुमची, जाळायला कापसाच्या पऱ्हाट्या तुमच्या, भाजणं, ठेचणं, फोडणी सगळं तुम्ही करायचं. म्हणजे यंत्रं त्यांची, बाकी सगळा कारभार आपला. दुसऱ्या प्रकारात भरीत केंद्रावर वांगी घेऊन जायची, भाजून ठेचून ते देतात, फोडणी आणि चव आपली. म्हणजे कार्यक्रम बनवायची तयार सोय त्यांची, कार्यक्रम आपला. तिसऱ्यात सरळ पाटावर बसायचं, भरीत-पुरी समोर येते. सॉफ्टवेअर तयार, आपण फक्त वापरायचं. आपल्याला हेच घ्यायचंय, तो म्हणाला. टाळ्या पडल्या. पडद्यावर तळाशी एक ओळ होती की तिन्ही प्रकारांत माहिती मात्र तुमची आणि तिची जबाबदारीही तुमची. ती कोणी वाचली नाही. हितेंद्रनंही वाचून दाखवली नाही, कारण तोवर जेवणाची वेळ झाली होती. ठरावाला मीही हात वर केला. सगळ्यांचा वर होता, माझाच खाली कशाला?

अक्कांनी एवढंच विचारलं की रेघ कशी मारायची. हितेंद्र प्रेमानं हसला, म्हणजे जसं अडाण्याकडं बघून हसतात तसं. रेघ कशाला, अक्का, ठरलं की नाव काढून टाकायचं, यादी स्वच्छ. वही रद्दीत घाला, असंही त्यानं सुचवलं. अक्कांनी वही पिशवीत घातली आणि घरी नेली. त्यांच्या शेजारीच मी राहतो, म्हणून मला ठाऊक आहे. वही चालूच होती.

या वर्षी हितेंद्रच्या बहिणीचं जमलं. कामिनी, वय अठ्ठावीस, जळगावला प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि भावापेक्षा निम्मं बोलते. सुपारी फुटली त्याच दिवशी हितेंद्रनं मांडवात, पाहुण्यांसमोर, मोबाईलवर तिचं नाव काढून टाकलं. काढलेली नावं नव्वद दिवस एका कचरापेटीत राहतात. स्वच्छतेचा भोक्ता असल्यामुळं त्यानं तीही लगेच रिकामी केली. पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या.

दीड महिन्यानं ते मोडलं. मुलाकडच्यांनी नोकरी सोडायला सांगितलं, कामिनी नाही म्हणाली. तिनं भावाला एकच गोष्ट मागितली. "दादा, माझा क्रमांक तोच राहू दे. मला कोणाला काही सांगत बसायचं नाही." दोनशे चौदा. पुस्तिका शुक्रवारी छापायला जाणार होती. हितेंद्र म्हणाला, दोन मिनिटांचं काम.

ते दोन मिनिटांचं काम तीन दिवस चाललं. नवी नोंद केली तर सॉफ्टवेअर सहाशे अकरा क्रमांक देत होतं. जुना देत नव्हतं, आणि वर सगळ्या सभासदांना 'नवीन स्थळ' असा संदेश पाठवायला उत्सुक होतं. त्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्र होती. आमची यंत्रं चालू आहेत सर, सॉफ्टवेअर चालू आहे सर, काय काढायचं ते मात्र तुम्ही ठरवलंत सर. वेगळी प्रत काढून ठेवली होती का? नव्हती. क्लाउडमध्ये असल्यावर प्रत कशाला, असं त्यानंच सभेत ठणकावून सांगितलं होतं. पाटावर बसून ताट आपल्याच हातानं उकिरड्यावर रिकामं केल्यावर भरीतवाल्याला काय विचारणार?

मला राग त्याचा नव्हता येत, मला राग कामिनीसाठी येत होता. जी मुलगी एक शब्दही जास्तीचा बोलत नाही, तिला आता चारशे घरांना उत्तरं द्यावी लागणार होती, आणि ते भावाच्या स्वच्छतेपायी. मी स्वतः हात वर केला होता, हेही मला आठवत होतं.

गुरुवारी तो धुळ्याच्या बसमधून उतरला तेव्हा चेहरा पार पडलेला होता. मी त्याला सरळ अक्कांच्या घरी नेलं. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि पान उघडलं. दोनशे चौदा, कामिनी, जन्मतारीख, शिक्षण, मामाचं गाव. वरून एक बारीक रेघ, खालचं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी.

"मी पुसत नही रे भाऊ," अक्का म्हणाल्या. "नुसती रेघ मारस."

हितेंद्र खाली बसला. या वर्षीची पुस्तिका अक्कांच्या वहीवरून छापायची आणि वही आपण स्वतः टाईप करायची, असं तो आपणहून म्हणाला. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यानं पहिल्यांदाच दुसऱ्याची पद्धत मान्य केली असावी. नोंदी कशा लिहिल्यात ते बघायला तो वही मागून चाळू लागला. चाळता चाळता त्याचा हात एका पानावर थांबला. सत्त्याण्णव. हितेंद्र. वर रेघ. बाजूला पुन्हा हितेंद्र, त्यावर रेघ. पुन्हा नाव, पुन्हा रेघ. मग चौथ्यांदा नाव, त्यावरही रेघ, आणि पुढं बारीक अक्षरात मेघाचं माहेर.

तीनदा मोडलं होतं. तो तेव्हा पुण्याला कोर्स करत होता. बोलणी घरच्यांनी केली, जमलेलं आणि मोडलेलं, दोन्ही त्याला कळवलंच नाही, आणि पुस्तिकेत त्याचा क्रमांक शेवटपर्यंत सत्त्याण्णवच राहिला. त्या तीन घरांनी का नाही म्हटलं, ते अक्कांनी लिहिलेलं नव्हतं. मला अंदाज आहे, पण तो मी सांगणार नाही.

मग त्यानं हळूच विचारलं की हे कोणाला सांगितलं होतं का.

"कसाले सांगू?" अक्का म्हणाल्या. "खोडेल शे ना." म्हणजे खोडलेलंच आहे ना.

मग त्यांनी पेन त्याच्या हातात दिलं. त्यानं दोनशे चौदाच्या रेघेशेजारी, एरवी कधी न काढलेल्या सावकाश अक्षरात, बहिणीचं नाव पुन्हा लिहिलं.