चाफ्याला दुसरा हात

आमच्या इमारतीतला रंगारी निवृत्त झाला, त्याचं टोपणनाव मात्र अजून कामावर आहे. सगळे त्याला 'दुसरा हात' म्हणतात. भिंतीवर एकदा रंग फिरवला की आमच्याकडे त्याला एक हात म्हणतात. घरमालक पहिल्या हातावर खूश होऊन चहा मागवायचे, आणि हा मात्र दुसरा हात दिल्याशिवाय शिडी हलवायचा नाही. मी गवंडी. माझा गिलावा वाळला की त्याचा रंग, अशी आमची चाळीस वर्षं गेली. छतं रंगवून रंगवून त्याची मान मागे कलली आहे. त्यामुळे तो कायम आभाळाच्या चुका काढत असल्यासारखा दिसतो.

त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गेल्या वर्षी जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड जुळलं, पण जिना सुटला तो सुटलाच. पहिल्या मजल्यावर खिडकीशी खुर्ची आणि खिडकीसमोर आवारातला चाफा, एवढंच त्यांना बाहेरचं जग उरलं.

यंदा चाफ्याची कोवळी पानं मुरडली. वरून चंदेरी चट्टे, खालून काळे ठिपके. कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. इमारतीच्या सचिवांना मात्र पानांपेक्षा झाडाखालची जागा जास्त दिसली. तिथे दोन गाड्या बसतात. त्यातली एक त्यांची असणार होती, हा निव्वळ योगायोग. कमिटीने ठराव केला, की महिन्याभरात झाड सुधारलं नाही तर तोडायचं. म्हणजे वहिनींनी उरलेलं आयुष्य सचिवांच्या गाडीची मागची बाजू बघत काढायचं.

आपण काहीच केलं नाही असं कुणी म्हणू नये म्हणून कमिटीने फवारणीवाला बोलावला. त्याने पाठीवरच्या पंपाने दहा मिनिटांत झाड, दोरीवरचे कपडे आणि माझी सायकल, तिन्ही भिजवून दिली. दहा दिवसांनी पानं जास्तच मुरडली.

तेव्हा रंगाऱ्याने पांढरा कागद घेतला, फांदीखाली धरला आणि शेंड्यावर टिचकी मारली. कागदावर पिवळसर बारीक काड्या पडल्या आणि चालायला लागल्या. तो कागद घेऊन तो रोपवाटिकेच्या बाईंकडे गेला. बाईंनी सांगितलं, हे फुलकिडे. नावावर जाऊ नका, फुलाइतकीच त्यांना कोवळी पानं आवडतात. अंडी पानाच्या आत, पिल्लं पानाखाली, आणि मधले काही दिवस ते खालच्या मातीत झोपा काढतात. वरवर मारलेल्या औषधाने त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही, उलट त्यांना खाणारे किडे मरतात. तेव्हा मुरडलेले शेंडे काढा, खालचा पाचोळा उचला, पानं खालून पाण्याने धुवा, मग कडुनिंबाचं तेल आणि साबण मारा. सहा दिवसांनी पुन्हा. नंतर पुन्हा एकदा.

रंगारी खुशीत परतला. एका हाताने भागत नाही, हेच तो जन्मभर सांगत होता, पण तेच म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं.

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही लागलो. मी शिडी धरली. त्याने काढलेले शेंडे पिशवीत भरून तिचं तोंड बांधलं. नंतर एकेक पान उलटं करून खालून चोळलं. तीनशे बारा पानं. मी मोजली, कारण शिडी धरणाऱ्याला दुसरा उद्योग नसतो. वहिनी खिडकीतून देखरेख करत होत्या. त्यांच्या मते उजवीकडची फांदी राहिली होती, आणि ती खरंच राहिली होती.

"अहो, लग्नानंतर घरातली एक बशी तरी अशी धुतलीत का?" त्यांनी विचारलं.

"बशीला फुलकिडे झाले असते तर धुतली असती," तो म्हणाला.

सहाव्या दिवशी त्याला बहिणीला दवाखान्यात न्यायचं होतं. जाताना त्याने सचिवांना बजावलं, की चाफ्याचा पहिला हात झालाय, उद्या दुसरा हात द्यायचाय, तोवर झाडाला कुणाला हात लावू देऊ नका. इतके हात ऐकून सचिव गोंधळले असावेत. रंगारी म्हणतोय म्हणजे रंगच असणार. इमारतीनेही थोडा वाटा उचलावा म्हणून त्यांनी फाटकाचा उरलेला हिरवा ऑइलपेंट काढून वॉचमनला कामाला लावलं. संध्याकाळी रंगारी परत आला तेव्हा चाफ्याचं खोड कमरेपर्यंत हिरवंगार होतं. एकही किडा त्या खोडावर कधी फिरकला नव्हता.

मला वाटलं, आता भांडण होणार. तो वाकला, खोडावरून बोट फिरवलं.

"गवंड्या, घासकागद नाही, रंगाखाली अस्तर नाही," तो मला म्हणाला. "आणि एकच हात."

दुसऱ्या दिवशी रंग न खरवडता त्याने पानं धुतली. खरवडला असता तर सालीला जखम झाली असती. सहा दिवसांनी तिसरी फेरी केली.

मुदत संपली त्या रविवारी कमिटी झाडाखाली जमली. सचिवांनी गाडीची जागा मोजायला टेपच आणली होती. शेंड्यांवर बोटभर नवी पानं होती, सरळ, इस्त्री केल्यासारखी. रंगाऱ्याने कागद धरून टिचकी मारली. पहिल्या दिवशी मोजता येत नव्हते, आज तीन पडले.

"म्हणजे आहेतच की अजून," सचिव म्हणाले.

खिडकीतून वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, तीनच आहेत. तुम्ही कमिटीत पाच आहात, तरी इमारत उभी आहे ना?"

खजिनदार आधी हसले. मग हसू आवरेना म्हणून त्यांनीच ठराव मांडला, की झाड तोडायचं नाही, फवारायचं नाही, आणि रंगारी करतोय ते त्याला करू द्यायचं. सचिवांनी टेप गुंडाळली.

त्याला दोन महिने झाले. दर आठवड्याला टिचकी मारून कागद बघायचा, चार-पाच दिसले तर पानं धुवायची, असं आमचं चाललंय. चाफा दाट झालाय. काल वहिनींनी तक्रार केली, की पानांमुळे फाटक दिसत नाही, कोण येतंय, कोण जातंय काही कळत नाही, तेव्हा मधली एक फांदी छाटा.

रंगाऱ्याने शिडीवरून मान वळवलीसुद्धा नाही.

"तीनशे बारा पानं धुतलीत मी," तो म्हणाला. "आता ती बघ."