मॉरिशसची छत्री

पावस गावच्या एसटी थांब्यावर एक बाई मला रोज सकाळी दिसायच्या. जानेवारीच्या लख्ख उन्हातही त्या छत्री उघडून, मोबाइल समोर धरून उभ्या असत. एकदा मी विचारलंच.

"लेक मॉरिशसला नोकरी करते. तिकडे आता वादळांचे दिवस," त्या म्हणाल्या. "भारी विसराळू हो ती. मागे भिजून तापली, तेव्हा जवळ कुणी नव्हतं. फोनवर माझी छत्री उघडलेली दिसली की मग स्वतःची घेऊन निघते."

मला ते लगेच पटलं, याचंच नंतर नवल वाटलं.

जुलैत मात्र धो धो पावसात त्या मिटलेली छत्री काखेत धरून भिजत होत्या. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत होता.

"तिकडे आता कोरडी हवा," त्या म्हणाल्या. "ही उघडलेली दिसली तर वादळ आलं समजून ती कामावरच जायची नाही."

मी माझी छत्री त्यांच्या डोक्यावर धरली. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी घाईघाईने हाताने खूण केली आणि मी मुकाट्याने छत्री मिटली.

"आई, केस ओले कसे?"

"आत्ताच न्हाले."

"आणि मागे ते काका का भिजतायत?"

बाईंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"त्यांचं काही सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.